मिस्सा आणि ख्रिस्तशरीर : शेजारी विचारतात ते प्रश्न, पोरं विचारतात ते प्रश्न

वसईच्या कॅथलिकाला हे प्रश्न दोन बाजूंनी येतात. लग्नाला किंवा अंत्यविधीला आलेले शेजारी विचारतात, ‘ते फादर पांढरं गोल काय देतात हो?’ आणि घरातली कॉलेजात जाणारी पोरं विचारतात, ‘दर रविवारी तेच ते, जायलाच हवं का?’ शेजाऱ्यांना नीट उत्तर दिलं की पोरांचं अर्धं उत्तर त्यातच निघतं. खालची शिकवण कॅथलिक चर्चची आहे. मध्येमध्ये माझी मतं घुसली आहेत, ती ओळखू येतीलच.

मिस्सा म्हणजे प्रार्थनासभा का?

प्रार्थना तिच्यात भरपूर आहे, पण तेवढ्याने ती पुरी होत नाही. मरणाच्या आदल्या रात्री येशू शिष्यांबरोबर जेवायला बसला होता. त्याने भाकर घेतली, देवाचे उपकार मानले, ती मोडली आणि ‘हे माझं शरीर आहे’ म्हणत त्यांना दिली. मग द्राक्षारसाचा प्याला दिला, ‘हे माझं रक्त’ म्हणून. आणि सांगितलं, ‘माझ्या स्मरणार्थ हे करा.’ दुसऱ्या दिवशी क्रुसावर जे घडणार होतं ते त्याने आदल्या रात्रीच जेवणाच्या पानावर ठेवलं होतं. ‘करा’ म्हटलं ते चर्च दोन हजार वर्षं करत आलं आहे. त्यालाच आपण मिस्सा म्हणतो.

ते जेवण वल्हांडण सणाच्या दिवसांतलं होतं, हे ध्यानात घेतल्याशिवाय ‘स्मरणार्थ’ नीट कळत नाही. मिसरच्या गुलामीतून सुटल्याची आठवण म्हणून यहुदी कुटुंबं हा सण पाळतात. तो पाळताना ‘आमच्या पूर्वजांना देवाने सोडवलं’ एवढ्यावर ते थांबत नाहीत, ‘आम्हाला सोडवलं’ असं सांगतात. जुनी घटना आजच्या माणसाला सामील करून घेते. मिस्सामधलं स्मरण या जातीचं आहे. पुण्यतिथीला फोटोला हार घालून आपण गेलेल्या माणसाची आठवण काढतो. इथे ज्याची आठवण काढायची तो स्वतः हजर असतो, अशी श्रद्धा आहे.

भाकर आणि द्राक्षारस खरोखर शरीर-रक्त होतात, की ते नुसतं प्रतीक आहे?

खरोखर होतात, असं कॅथलिक चर्च मानतं. सगळ्यात अवघड प्रश्न हाच, आणि याला गुळमुळीत उत्तर देण्यात अर्थ नाही.

बायबलमध्ये येशूचं चरित्र सांगणारी जी शुभवर्तमानं आहेत, त्यांतल्या योहानाच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात येशू म्हणतो, की माझं शरीर खाल्ल्याशिवाय आणि माझं रक्त प्यायल्याशिवाय तुमच्यात जीवन नाही. ऐकणाऱ्यांना ते झेपलं नाही. ‘हे बोलणं कठीण आहे’ म्हणत पुष्कळ शिष्य त्याला सोडून गेले. येशूने त्यांना हाका मारून ‘अरे, मी उपमा दिली होती’ असं काही सांगितलं नाही. उलट राहिलेल्या बाराजणांना विचारलं, ‘तुम्हीही जाता का?’ त्यांतल्या पेत्राचं उत्तर मला फार प्रामाणिक वाटतं. ‘आम्हाला कळलं’ असं तो म्हणत नाही. तो म्हणतो, ‘प्रभो, आम्ही कुणाकडे जाणार?’

मग दिसत का नाही? रंग तोच, चव तीच, तपासलं तर पीठ आणि पाणीच सापडेल. बाहेरून जाणवणारं सगळं तसंच राहतं आणि ती वस्तू मुळात जी आहे ते बदलतं, असं चर्च सांगतं. या बदलासाठीचा लॅटिन पारिभाषिक शब्द 1215 च्या चौथ्या लॅटरन परिषदेत, म्हणजे बिशपांच्या मोठ्या सभेत, वापरला गेला आणि 1551 मध्ये ट्रेंटच्या परिषदेने तो पक्का केला. पण श्रद्धा त्या शब्दाहून कितीतरी जुनी आहे. दुसऱ्या शतकाच्या सुरुवातीला अंत्युखियाचे बिशप संत इग्नेशियस यांना हौतात्म्यासाठी रोमला नेलं जात होतं. वाटेत लिहिलेल्या पत्रात त्यांनी या भाकरीला ‘अमरत्वाचं औषध’ म्हटलं आहे. नुसत्या खुणेला कुणी औषध म्हणत नाही.

प्रोटेस्टंट पंथांत याबाबत वेगवेगळी मतं आहेत. अहिल्यानगरकडच्या (पूर्वीचं अहमदनगर) किंवा मुंबईतल्या प्रोटेस्टंट नातेवाइकांशी बोलताना हा फरक जाणवतो. तो लपवू नये आणि त्यावरून भांडूही नये.

येशूचं बलिदान एकदाच झालं. मग दर मिस्साला पुन्हा बलिदान कसं?

पुन्हा होत नाही. बायबलमधल्या, इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रात ‘एकदाच, सर्वांसाठी’ असं स्पष्ट आहे आणि चर्चलाही ते मान्य आहे. मिस्सामध्ये येशूला कुणी परत मारत नाही. क्रुसावरचं तेच एक अर्पण इथे आपल्यासमोर येतं आणि आपल्याला त्यात भाग घेता येतो.

‘भाग घेणं’ म्हणजे काय, ते अर्पणाच्या वेळी कळतं. भाकर आणि द्राक्षारस वेदीकडे नेतात तेव्हा फादर प्याल्यात पाण्याचे दोन-चार थेंब टाकतात. बाकांवरच्या कितीतरी जणांना ही बारीकशी कृती दिसतही नाही. द्राक्षारस ख्रिस्ताचा, पाणी आपलं. एकदा मिसळलं की वेगळं काढता येत नाही. आठवड्याचे कष्ट, आजारपण, बँकेचा हप्ता, मुलाची परीक्षा, सगळं त्या थेंबांत ठेवायचं असतं. ‘मिस्साला जाऊन मला काय मिळतं?’ असं पोरं विचारतात तेव्हा मी उलट विचारतो, की तू काय घेऊन गेला होतास? रिकाम्या हाताने आत शिरणारा तास मोजतच बाहेर पडतो.

मिस्सामध्ये क्रमाने काय काय होतं?

मुख्य भाग दोन. पहिल्यात वचन ऐकायचं, दुसऱ्यात भाकर मोडायची.

सुरुवातीला पापांची क्षमा मागतात. मग बायबलची वाचनं होतात. रविवारी साधारणपणे जुन्या करारातलं एक, एक स्तोत्र, प्रेषितांच्या पत्रातलं एक आणि शेवटी शुभवर्तमान, जे सगळे उभे राहून ऐकतात. रविवारची वाचनं तीन वर्षांच्या चक्राने फिरतात, त्यामुळे आज ऐकलेलं शुभवर्तमान सहसा तीन वर्षांनी त्याच रविवारी परत येतं. मग प्रवचन, श्रद्धेचा अंगीकार आणि सर्वांसाठी विनंत्या.

दुसऱ्या भागात अर्पण, उपकारस्तुतीची मोठी प्रार्थना आणि तिच्या मध्यावर शेवटच्या भोजनातले येशूचे शब्द. पुढे ‘हे आमच्या स्वर्गातील बापा’, शांतीची खूण (आपल्याकडे बहुधा नमस्कार करून), भाकर मोडणं, ख्रिस्तशरीर वाटणं (शेजारी विचारतात ते पांढरं गोल हेच) आणि आशीर्वाद.

ही मांडणी किती जुनी? सुमारे 155 साली रोममध्ये संत जस्टिन यांनी सम्राट अंतोनियस पायस याला लिहून कळवलं, की ख्रिस्ती लोक रविवारी जमून काय करतात. वाचनं, प्रमुखाचं प्रवचन, उभं राहून प्रार्थना, भाकर-द्राक्षारस-पाणी आणणं, उपकारस्तुती, लोकांचं ‘आमेन’, सर्वांना वाटप, न आलेल्यांच्या घरी वाटा पोहोचवणं, आणि अनाथ-विधवांसाठी पैसे गोळा करणं. आजचा माणूस त्या मिस्साला गेला तर भाषा कळणार नाही, पण आता पुढे काय ते त्याला कळेल.

आम्ही ख्रिस्ती नाही. लग्नाच्या मिस्साला आलो तर ख्रिस्तशरीर घ्यायचं का?

नाही. बाकी सगळ्यात खुशाल सहभागी व्हा. ख्रिस्तशरीर घेताना माणूस ‘आमेन’ म्हणतो, म्हणजे ‘हे ख्रिस्ताचं शरीर आहे आणि मी या चर्चचा आहे’ याला होकार देतो. तशी श्रद्धा नसलेल्याकडून तो होकार वदवून घेणं त्याच्यावरच अन्याय आहे.

घोटाळा होतो तो ‘प्रसाद’ या कल्पनेमुळे. आपल्याकडे प्रसाद नाकारणं वाईट दिसतं, म्हणून पाहुणे भक्तिभावाने रांगेत उभे राहतात. त्यांच्या मनात अनादर नसतो. पण प्रसाद येईल त्याला देता येतो आणि डब्यात घालून घरीही नेता येतो. ख्रिस्तशरीर तसं नेता येत नाही, ते तिथेच घ्यायचं असतं. चुकून हातात आलंच तर न खाता फादरांना परत द्या, कुणी रागावणार नाही. खरं तर ही जबाबदारी यजमानांची आहे. लग्नाच्या पत्रिकेवर सतरा नावं छापता, मग मिस्साआधी माइकवरून दोन वाक्यं सांगायला काय हरकत आहे?

वधू-वरांपैकी एकाचा बाप्तिस्मा झालेला नसेल तर विवाहविधी बहुधा मिस्साविनाच करतात. त्यात कुणाला कमी लेखायचं नसतं. लग्नाच्या दिवशीच वेदीपाशी एकाने घ्यायचं आणि दुसऱ्याने नुसतं उभं राहायचं, हे दृश्य टळतं.

कॅथलिक असून रांगेत न जाणाऱ्यांचं काय?

त्यांच्याकडे वळून बघू नका. गंभीर पाप केल्याची जाणीव असेल तर आधी पापनिवेदन करावं, म्हणजे फादरांपुढे पापं कबूल करावीत, मग ख्रिस्तशरीर घ्यावं, असा नियम आहे. कुणी गेल्या तासाभरात नाश्ता केलेला असेल. कुणाची आणखी काही अडचण असेल. बाकावर बसून राहिलेला माणूस कदाचित रांगेतल्यांपेक्षा जास्त गंभीरपणे विचार करत असेल.

एक गैरसमज मात्र गावोगावी आहे, की घटस्फोट झालेल्याला ख्रिस्तशरीर मिळत नाही. केवळ दिवाणी घटस्फोट झाला म्हणून कुणी ख्रिस्तशरीराला मुकत नाही. पहिलं लग्न चर्चच्या दृष्टीने कायम असताना दुसरं केलं, तर प्रश्न येतो, आणि तेव्हा धर्मगुरूंशी मोकळेपणाने बोलावं. नवऱ्याने टाकलेल्या बाईने आपल्या आळीच्या समजुतीपायी वर्षानुवर्षं मागच्या बाकावर बसून राहावं, ही लाजेची गोष्ट आहे. लाज तिची नाही, आळीची आहे.

आधी किती वेळ काही खायचं नाही?

एक तास. पाणी आणि औषध चालतं. वृद्ध, आजारी आणि त्यांची देखभाल करणारे यांना सूट आहे. पूर्वी मध्यरात्रीपासून पाण्याचा थेंबही चालत नसे. पोप बारावे पायस यांनी 1953 आणि 1957 मध्ये नियम सैल केला आणि पोप सहावे पॉल यांनी 1964 मध्ये तो एका तासावर आणला.

रविवारची मिस्सा चुकली तर पाप लागतं का?

कारण नसताना, आळसाने, जाणूनबुजून चुकवली तर हो, आणि ते गंभीर मानलं जातं. आजारपण, तान्हं मूल, रुग्णालयातली पाळी, प्रवासात अडकणं ही खरी कारणं आहेत, त्यांत पाप नाही. शनिवारी संध्याकाळची मिस्साही रविवारची म्हणून धरली जाते. रविवारखेरीज आपल्याकडे बंधनकारक सण म्हणजे नाताळ आणि 15 ऑगस्टचा मरियेच्या स्वर्गोन्नयनाचा सण. झेंडावंदन आणि मिस्सा एकाच सकाळी येतात.

पण ‘पाप लागेल’ एवढ्या धाकावर मुलं फार दिवस येत नाहीत. त्यांना अबितिनाची गोष्ट सांगा. 304 साल, आजचा ट्युनिशिया. सम्राट डायोक्लेशियनने ख्रिस्ती लोकांना एकत्र जमायला बंदी केली होती. अबितिना गावचे 49 जण तरीही एका घरात रविवारच्या मिस्साला जमले आणि पकडले गेले. बंदी मोडून का जमलात असं विचारल्यावर त्यांनी उत्तर दिलं, की प्रभूच्या दिवसाशिवाय आम्ही राहू शकत नाही. त्यांना त्यासाठी जीव द्यावा लागला.

ते फार जुनं वाटत असेल तर व्हिएतनामचे फ्रान्सिस झेव्हियर न्युएन वान थुआन घ्या. 1975 मध्ये कम्युनिस्ट सरकारने या बिशपना पकडलं आणि तेरा वर्षं कैदेत ठेवलं, त्यांतली नऊ एकांतकोठडीत. ‘पोटदुखीचं औषध पाठवा’ असं त्यांनी बाहेर लिहून पाठवलं. बाहेरच्या लोकांना बरोबर समजलं आणि त्यांनी बाटलीवर औषधाची चिठ्ठी लावून द्राक्षारस धाडला. तळहातावर द्राक्षारसाचे तीन थेंब आणि पाण्याचा एक, एवढ्यावर ते रोज मिस्सा करत. छावणीत असताना सिगारेटच्या पाकिटांच्या कागदात गुंडाळलेलं ख्रिस्तशरीर कैद्यांमध्ये हातोहात फिरे. पुढे 2001 मध्ये ते कार्डिनल झाले. आपल्याकडे पार्किंग मिळत नाही म्हणून मिस्सा चुकते.

फोनवर किंवा टीव्हीवर बघितलेली मिस्सा चालते का?

अंथरुणाला खिळलेल्यांना आधार म्हणून ती फार चांगली, आणि त्यांच्यावर चर्चला यायचं बंधन मुळातच नाही. धडधाकट माणसाला नाही चालत. 2020 च्या टाळेबंदीत चर्चं बंद होती, बिशपांनी सूट दिली होती आणि आपण चहाचा कप हातात घेऊन मिस्सा ‘बघायला’ शिकलो. ती सवय काहींची अजून सुटलेली नाही. भाकर पडद्यातून हातात येत नाही. घरात कुणी आजारी असेल तर धर्मग्रामाच्या (पॅरिशच्या) कार्यालयात सांगा. फादर, सिस्टर किंवा नेमलेले प्रापंचिक सेवक ख्रिस्तशरीर घरी आणून देतात.

मुलांना पहिलं ख्रिस्तशरीर कधी देतात?

समज आल्यावर. 1910 मध्ये पोप दहावे पायस यांनी ते वय साधारण सात वर्षांचं ठरवलं, त्याआधी मुलांना दहा-बारा वर्षांपर्यंतही थांबावं लागे. साधी भाकर आणि ही भाकर यांतला फरक कळला की पुरे, धर्मशास्त्राची परीक्षा द्यायची नसते. आपल्याकडे धर्मशिक्षणाचे वर्ग आणि पहिलं पापनिवेदन झाल्यावर हा सोहळा होतो.

सोहळ्याबद्दल मात्र बोलायलाच हवं. पांढरा ड्रेस, मेणबत्ती, फोटो, इथपर्यंत ठीक. पण हॉल, डीजे, कॅटरिंग आणि त्यापायी काढलेलं कर्ज? मुलाला विचारलं, की त्या दिवशी काय झालं, तर तो केकचं नाव सांगतो.

मेलेल्या माणसासाठी मिस्सा सांगायला पैसे का द्यावे लागतात? मिस्सा विकत मिळते का?

मिस्साला किंमत नाही आणि ती विकणं हा चर्चच्या कायद्याने गुन्हा आहे. देतो ती देणगी. पूर्वी लोक भाकर-द्राक्षारस घरून आणत, त्या जागी पैसे आले, आणि त्यावर धर्मगुरूंचा चरितार्थ चाले. फादरांनी दिवसात कितीही मिस्सा केल्या तरी नाताळ सोडून एकाच मिस्साची देणगी ते स्वतःकडे ठेवू शकतात. गरिबाने काहीच दिलं नाही तरी त्याच्यासाठी मिस्सा करावी, असं चर्चच्या 1983 च्या कायदेसंहितेतच लिहिलं आहे. रविवारी आणि बंधनकारक सणांना तर प्रमुख धर्मगुरूंनी एक मिस्सा अख्ख्या धर्मग्रामासाठी करायची असते, तिच्यासाठी कुणाकडून काही घ्यायचं नसतं.

फादरांचं वागणं पटत नाही, प्रवचन कंटाळवाणं असतं. तरी ती मिस्सा खरी?

खरी. चौथ्या-पाचव्या शतकात उत्तर आफ्रिकेत यावरून मोठा वाद झाला होता. मिस्सा, बाप्तिस्मा असे संस्कार ख्रिस्त देतो, धर्मगुरूच्या लायकीवर ते अवलंबून नसतात, अशी बाजू संत ऑगस्टिन यांनी मांडली आणि चर्चने ती धरली. यामुळे धर्मगुरूंना वाईट वागायची मुभा मिळत नाही, प्रवचनाची तयारी न करण्याचीही नाही.

मराठीत मिस्सा कधीपासून?

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 4 डिसेंबर 1963 रोजी उपासनेवरचा दस्तऐवज मंजूर केला आणि लोकभाषांना दार उघडलं. त्याआधी मिस्सा लॅटिनमध्ये असे. फादर वेदीकडे तोंड करून उभे, आणि लोक बाकावर जपमाळ म्हणत. लगेच 1964 च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये मुंबईत ओव्हल मैदानावर आंतरराष्ट्रीय युखरिस्त (म्हणजे ख्रिस्तशरीर) परिषद भरली आणि तिच्यासाठी पोप सहावे पॉल स्वतः आले. पोप भारतात येण्याची ती पहिलीच वेळ. इतर धर्मांच्या प्रतिनिधींसमोर बोलताना त्यांनी ‘असतो मा सद्गमय’ ही उपनिषदातली प्रार्थना उद्धृत केली. 1969 मध्ये भारतासाठी बारा बदलांना रोमची मान्यता मिळाली. मिस्सामध्ये आरती, समई, हात जोडून नमस्कार, जमिनीवर बसणं हे तेव्हापासून अधिकृत आहे. ‘आरती म्हणजे हिंदू झालं’ म्हणून कुरकुरणाऱ्यांनी तारीख पाहून घ्यावी.

भाकर ज्वारीची किंवा तांदळाची का चालत नाही?

कारण येशूने वापरली ती गव्हाची होती आणि आपण पूर्वजांचं ताट बदलत नाही. लॅटिन विधीत, म्हणजे आपल्याकडच्या मिस्सामध्ये, ती बेखमीर असते. द्राक्षारसही द्राक्षांचाच हवा. द्राक्षं नाशिकची चालतील, काजूचा किंवा जांभळाचा रस नाही. गहू सोसत नसलेल्यांसाठी अगदी कमी ग्लूटेनची भाकर मिळते, आधी फादरांना सांगून ठेवावं. तेही झेपत नसेल तर फक्त प्याल्यातून घेता येतं. दोन्हींपैकी कशातही ख्रिस्त पूर्णच असतो.

डोंबिवलीच्या मल्याळी मित्राचा विधी वेगळाच दिसला. तो कॅथलिक आहे ना?

पक्का कॅथलिक. केरळच्या सिरो-मलबार चर्चची उपासना पूर्व सिरियाच्या परंपरेतली आहे, ते मिस्साला कुर्बाना म्हणतात. महाराष्ट्रातल्या त्यांच्या लोकांसाठी 1988 पासून कल्याणला स्वतंत्र धर्मप्रांत आहे. तुम्ही त्यांच्या कुर्बानाला गेलात तर रविवार पाळल्यासारखंच आहे, ख्रिस्तशरीरही घेता येतं.

पहिल्यांदाच बघायला यायचं आहे. काय काळजी घेऊ?

विचारून यायची गरज नाही, दार उघडंच असतं. मधल्या किंवा मागच्या बाकावर बसा, म्हणजे पुढच्यांचं बघून उठता-बसता येईल. गुडघे टेकायची सक्ती नाही, शांत बसलात तरी चालतं. फोन बंद ठेवा. ख्रिस्तशरीराच्या वेळी बाकावरच्यांना बाहेर पडायला जागा द्या. दानाची थैली फिरते, तिच्यात काही टाकलंच पाहिजे असं नाही. गुड फ्रायडेला येऊ नका असं नाही, पण त्या दिवशी जगात कुठेच मिस्सा होत नाही. आदल्या दिवशी राखून ठेवलेलं ख्रिस्तशरीर तेवढं देतात, तेव्हा मिस्सा बघायची असेल तर दुसरा दिवस निवडा.